तलफ आली की घड्याळ बघा

रविवारी वंदना झाली की विहाराच्या पायऱ्यांवर आम्ही थोडा वेळ बसतो. रेशन कार्ड, नळाचे पाणी, पोरांच्या ॲडमिशन, सगळे विषय तिथे निघतात. मागच्या महिन्यात एक भाऊ सगळे उठून जाईपर्यंत थांबला आणि मग हळूच म्हणाला, "विडी सोडाची हाय जी. तीनदा सोडली. पण तलफ आली की डोस्कंच काम करत नाही."

सेंटरिंगच्या कामावर जाणारा माणूस. दिवसाला दीड बंडल. धाकट्या मुलाला दम लागतो म्हणून दवाखान्यात नेले, तर डॉक्टरांनी मुलाला तपासायच्या आधी बापालाच विचारले, घरात कोण ओढतं? दहा बाय बाराची खोली, एक खिडकी, तीही गल्लीकडे. "मी दारात बसून ओढतो," असे त्याने डॉक्टरांना सांगितले. दारातला धूर आत जातो हे त्यालाही ठाऊक होते, म्हणून तर तो पायऱ्यांवर थांबला.

तंबाखूचे तोटे इथे पुन्हा सांगत नाही. पाकिटावरचे चित्र सगळ्यांनी पाहिलेले असते आणि ते बघत बघतच माणूस विडी काढतो. सोडल्यावर तलफ येते तेव्हा नेमके काय करायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. "मन घट्ट करा" एवढेच सांगतात. आम्ही स्वतः बावीस वर्षे विडी ओढली आणि चौथ्या खेपेला सोडली. पहिल्या तीन खेपांनाही मन घट्टच होते. आम्हाला माहिती नव्हती.

विडीचा झुरका घेतला की त्यातले निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचते. सुईने टोचलेले औषधही इतक्या लवकर पोचत नाही. मग दर दोनेक तासांनी रक्तातले निकोटिन निम्मे होत जाते आणि मेंदू पुन्हा हाक मारतो. त्या हाकेचे नाव तलफ. वर्षानुवर्षे ओढल्यावर मेंदूने या पुरवठ्याचा हिशेब बांधून ठेवलेला असतो. तो एकदम बंद झाला की चिडचिड होते, झोप मोडते, हात कशात लागत नाही, भूक वाढते. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जड असते. पुढे तीन-चार आठवड्यांत शरीराची मागणी बरीच खाली येते. म्हणजे तिसऱ्या दिवशी जो म्हणतो, "असंच राहणार असेल तर मला नाही जमणार," तो खरे तर घाटमाथ्यावर उभा असतो आणि इथून पुढे उतार आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आम्ही तीनपैकी दोन वेळा तिसऱ्याच दिवशी हरलो.

दुसरी गोष्ट याहून कामाची. तलफ सतत नसते, ती लाटेसारखी येते. चढते, टोकाला जाते आणि आपोआप उतरते. बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांत, फार तर दहा. तुम्ही विडी ओढली तरी उतरते, नाही ओढली तरी उतरते. ओढणाऱ्याला वाटते विडीमुळे उतरली. चौथ्या खेपेला आम्ही घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर बसलो. तलफ आली तेव्हा काटा बघितला. छातीत ओढ, तोंडाला पाणी, जगात विडीशिवाय काही सुचेना. सातव्या मिनिटाला लक्षात आले की आपण बाहेर चाललेले शेजाऱ्यांचे भांडण ऐकत बसलो आहोत. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे भरली. त्या भावाला आम्ही पहिले हेच सांगितले. जन्मभर विडी ओढायची नाही, असली शपथ घेऊ नको. तलफ आली की घड्याळ बघ, आणि ती पाच मिनिटे कुठे काढायची ते आधी ठरवून ठेव.

आधी ठरवायचे, कारण तलफेच्या वेळा ठरलेल्या असतात. दोन दिवस कागदावर लिहा, कुठली विडी कधी ओढली. दिवसाला वीस विड्या ओढणाऱ्याच्या खऱ्या अडलेल्या विड्या पाच-सहाच निघतात. बाकीच्या हाताला चाळा म्हणून.

सगळ्यात अवघड विडी सकाळची, संडासची. यावर लोक लाजून बोलत नाहीत, पण वस्तीत किती जणांची विडी इथे अडते ते सार्वजनिक संडासच्या रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एका हातात डबा, एका हातात विडी. "विडीशिवाय प्रेशर येत नाही." ही थाप नाही. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि वर्षानुवर्षे त्याच धक्क्याची सवय लागली की तो बंद झाल्यावर काही दिवस पोट साफ होत नाही. आमची दुसरी खेप इथेच बुडाली. पाच दिवस पोट जड, सहाव्या दिवशी रांगेत पुढच्याकडून विडी मागून घेतली. चौथ्या खेपेला आम्ही सोडायच्या आधीच आठवडाभर तयारी केली. रात्री दोन केळी, जेवणात भाजी जास्त, सकाळी उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी आणि मग वस्तीला एक फेरी. पोट सुरळीत व्हायला दहा-बारा दिवस लागले. कोणाला थोडे कमी लागतील, कोणाला जास्त. फार त्रास झाला तर दवाखान्यात साधे औषध मिळते, तेही घ्यायला हरकत नाही. बद्धकोष्ठासाठी माणूस पुन्हा विडीकडे गेला, हे वाईट कारण आहे, पण खरे कारण आहे.

त्यानंतर चहा. इथे एक गंमत आहे. विडी-सिगारेटच्या धुरामुळे आपले लिव्हर चहा-कॉफीतले कॅफिन नेहमीपेक्षा लवकर निकाली काढत असते. धूर बंद झाला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहते. पूर्वीइतकाच चहा प्यायलात तर छातीत धडधड, हात थरथर, रात्री झोप नाही, आणि माणूस म्हणतो विडी सोडल्याने तब्येत बिघडली. पहिले दोन-तीन आठवडे चहा निम्मा करा. शिवाय चहा प्यायची जागा बदला. पानठेल्याला लागून असलेल्या टपरीवर चहा घेऊन विडी टाळणे म्हणजे पावसात उभे राहून न भिजणे. आम्ही काही महिने उभ्याने, स्वयंपाकाच्या ओट्याशीच चहा घेतला.

कामावरची विडी वेगळी. ती कामगाराची विश्रांती असते. ठिय्यावरून साइटवर गेलेला माणूस दोन मिनिटे नुसता टेकला तर मुकादम ओरडतो, पण विडी पेटवून टेकला तर काही म्हणत नाही. विडी ही सुट्टीची चिठ्ठी झाली आहे. विडी सोडणारा ती चिठ्ठीही गमावतो, दिवसभर राबतो आणि संध्याकाळी दमून, भुकेजून विडीला शरण जातो. म्हणून विडी सोडा, पण विडीची सुट्टी सोडू नका. बाकीचे पेटवायला बसतील तेव्हा तुम्हीही बसा, थोडे लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. पाण्याची बाटली काढा. खिशात फुटाणे, बडीशेप, लवंग, काहीही ठेवा. तोंडाला आणि बोटांना काम हवे असते. मुकादमाला एकदा सरळ सांगून टाका, "विडी सोडली आहे, दोन मिनिटं पाणी पितो." आम्हाला असेही मुकादम माहीत आहेत ज्यांनी हे ऐकून स्वतःची विडी पाठीमागे लपवली.

विडी पुढे करणाऱ्याला नाही म्हणणेही जड जाते, कारण आपल्याकडे विडी देणे हा स्नेह असतो. एकच विडी दोघांत ओढलेली असते. तिथे "मी सोडली, तूही सोड" असा उपदेश केला की समोरच्याला अपमान वाटतो आणि तो दुप्पट आग्रह करतो. आम्ही "डॉक्टरांनी बंद केली" असे सांगायचो. तेव्हा अजून कुठल्याच डॉक्टरांनी आम्हाला बंद केली नव्हती. एवढे खोटे आम्ही बोललो.

त्या पायऱ्यांवरच्या बैठकीत विषय पसरला तेव्हा एकाने नेहमीचा मुद्दा काढला, बावीस प्रतिज्ञांत दारू आहे, विडी कुठे आहे? हसलो आम्ही. प्रतिज्ञांत पळवाटा शोधण्यापेक्षा त्या मुलाचा दम मोजावा. दुसऱ्याने वेगळा मुद्दा काढला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याच्या आईने आयुष्यभर विड्या वळून चार मुले वाढवली. विडीला नावे ठेवली की त्याला आईला नावे ठेवल्यासारखे वाटते. खरे आहे. कामठीपासून भंडारा-गोंदियापर्यंत कितीतरी घरे विडीवर उभी राहिली. "जय भीम" हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी आपल्याला दिला असे मानतो, ते कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती. १२ जानेवारी १९३९ रोजी ते क्षयाने गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ३५ होते. विडी वळणाऱ्या बाईच्या नाकातोंडात दिवसभर तंबाखूची धूळ जाते, तिच्या मजुरीसाठी आणि औषधपाण्यासाठी भांडलेच पाहिजे. पण तिच्या मुलाने ती विडी ओढल्याने तिची मजुरी वाढत नाही.

आता एक खड्डा, ज्यात आम्ही तिसऱ्या खेपेला पडलो. विडी सोडली आणि खर्रा धरला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून जे करतात तो खर्रा. धूर नाही, वास नाही, घरात कळत नाही, म्हणून वाटले सुटलो. विडी सुटली, निकोटिन सुटले नाही. उलट खर्रा दर अर्ध्या तासाला तोंडात. त्यातली सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरला कारण होते, आणि तिने गालाच्या आतली कातडी कडक होत जाऊन तोंड उघडेनासे होते. आजच आरशासमोर तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील, तिखट लागून जळजळ होत असेल, पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर दाताच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, घरी थांबू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, पण त्यात धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळी तंबाखू तोंडात जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तो कुठे मिळतो हे मात्र शाळेतली पोरेही सांगतील.

आणि मिश्री. विडीवरचा लेख बायकांसाठी नाही असे समजून भगिनींनी पान उलटू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दिवसातून एकदा दात घासायला सुरू होते आणि पुढे दुपारी कामे आटोपल्यावर, मग रात्री, मग चिंता वाटली की बोट डबीत जाते. तिचीही तलफ अशीच लाटेची आणि सोडायची रीतही हीच. गरोदरपणात तर ती बाळाच्या वजनावर जाते. पुरुषांच्या विडीची चर्चा पायऱ्यांवर होते, बायकांच्या मिश्रीची चर्चा होत नाही, म्हणून त्यांना मदतही मिळत नाही. उपासिकांनी आपल्या बैठकीत हा विषय काढावा, अशी विनंती आहे.

पाच मिनिटे काढायची कशी, याची ज्याची त्याची तऱ्हा असते. कोणी थंड पाणी घोटघोट पितात, कोणी दात घासतात, कोणी भांडी घासायला घेतात. विहारात आपण आनापान शिकतो, श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढेच बघायचे. तलफेत ते चालते, कारण तलफ छातीत नेमकी कुठे आहे, वाढते आहे की उतरते आहे, हे बघत राहिले की तिच्याशी झुंजावे लागत नाही. पण खरे सांगायचे तर आम्हाला डोळे मिटून बसून ते जमले नाही. अंग शिवशिवायचे. चालताना जमले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे, पावलांबरोबर श्वास मोजायचे. ज्याला बसून जमते त्याने बसावे.

ज्याला उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत विडी लागते, त्याला नुसते पाणी आणि फुटाणे पुरतीलच असे नाही. त्याने औषधाची मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही. निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते. पहिल्यांदा डॉक्टरांना विचारून घ्या. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर विचारल्याशिवाय नकोच. बहुतेक जण ते साध्या गोळीसारखे चघळून गिळतात आणि मग उचकी लागली, मळमळले म्हणून फेकून देतात. रीत अशी, हळूहळू चावायचे, तोंडात तिखट झणझण आली की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचे, झणझण ओसरली की पुन्हा चावायचे. असे अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा नको. आणि वर विडीही नको. दम्याच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर विडी सोडतो आहे हे डॉक्टरांच्या कानावर घाला, काही गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागते.

पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर मोफत आहे. तिथे समुपदेशक बोलतात, पुढचे काही दिवस स्वतःहून फोनही करतात. आणखी एक, विडी सुटल्यावर काही दिवस खोकला थोडा वाढतो, छाती साफ व्हायला लागते म्हणून. पण कुठलाही खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर थुंकी तपासून घ्या. ती तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि ओढणाऱ्याला क्षयाचा धोका जवळपास दुपटीने जास्त असतो.

घरच्यांना एवढेच सांगायचे आहे की पहिला आठवडा हा माणूस चिडणार आहे. आमच्या घरी तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी म्हणून आम्ही ताट सरकवले होते. घरच्यांनी ते ताट उचलून ठेवले आणि तासाभराने परत वाढले, बोलल्या काही नाहीत. त्या वेळी "ओढा बाबा एक, पण डोकं खाऊ नका" असे म्हटले असते तर आम्ही लगेच चप्पल घातली असती. अनेक घरांत नेमके हेच म्हटले जाते, प्रेमाने, आणि तिथेच सुटलेली विडी परत येते.

आणि चुकून ओढली गेली तर? आमच्याकडून गेली. दीड महिना झाला होता. जवळच्या नातेवाइकाची मयत, रात्रभर अंगणात बसलो होतो, पहाटे थंडीत कोणीतरी पेटवलेली विडी हातात दिली आणि आम्ही ओढली. पूर्वी असे झाले की आम्ही म्हणायचो, गेलं सगळं, आणि सकाळी बंडल आणायचो. या वेळी बंडल आणले नाही. घरी येऊन सांगितले, एक ओढली. कागदावर त्या जागेपुढे "मयत, पहाट, थंडी" असे लिहिले. तेव्हापासून रात्री कुठे बसायला जायचे असले की खिशात आल्याच्या वड्या ठेवतो.

दिवसाला ३० रुपये धरले तर महिन्याचे ९०० होतात. त्या भावाने ते पैसे एका डब्यात टाकायला सुरुवात केली आहे. मुलाचा इनहेलर त्यातूनच आणणार म्हणतो. मुलाला दम लागणे थांबले का, हे एवढ्यात सांगता येणार नाही, पण दारातली माचिस त्याने स्वयंपाकाच्या फळीवर ठेवली आहे.

हे लिहितो आहोत तेव्हा त्याचा अकरावा दिवस आहे. काल रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. "येऊन राह्यली," एवढेच म्हणाला. आम्ही नळाचे पाणी किती वाजता येते, सेंटरिंगच्या साइटवरचा हिशेब मिळाला का, असले काहीबाही विचारत राहिलो. मागे मुलाचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "ठेवतो जी आता, जेवाचं राह्यलं."